हवेतले पाणी मोजणारा इंजिनिअर

एसी चालू आहे, पंखा फिरतो आहे, रिमोटवर १८ दिसते आहे, पण खोली काही गार होत नाही. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागला की ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मेकॅनिकचा फोन लागत नाही. लागला तरी तो दोन दिवसांनी येतो, आणि आल्यावर बऱ्याचदा यंत्राकडे नीट पाहायच्या आधीच गॅस संपल्याचे निदान सांगून मोकळा होतो. गॅस भरला जातो, पैसे जातात आणि आठवड्याभरात खोली पुन्हा होती तशीच. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर हा प्रश्न चैनीचा राहत नाही.

या यंत्राचा पाया ज्या माणसाने घातला, त्या विलिस कॅरिअर यांचे आयुष्य समजून घेतले तर एसी का बिघडतो हेही बरेचसे समजते. त्यांच्या नावाची कंपनी आजही आहे, पण आपल्याला इथे कंपनीशी कर्तव्य नाही. आपल्याला हवी आहे ती या माणसाची विचार करण्याची रीत.

विलिस हॅविलँड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळचा. घर शेतकऱ्याचे, मुलगा एकुलता एक. आई हाताने कुशल होती. बिघडलेली घड्याळे, शिलाई यंत्रे ती घरीच उघडून दुरुस्त करी. शाळेत विलिसला अपूर्णांक काही केल्या उमजेनात. तेव्हा आईने तळघरातून सफरचंदे आणायला लावली, आणि ती कापून अर्धे, पाव, आठवा भाग करत, त्यांचीच बेरीज-वजाबाकी करून दाखवली. अवघड प्रश्नाचे हाताळता येतील एवढे तुकडे करायचे, ही गोष्ट आपण तिथे शिकलो असे ते मोठेपणीही आवर्जून सांगत. विलिस ११ वर्षांचा असताना आई गेली.

पुढे पैशाची ओढाताण होती. काही काळ शाळेत शिकवून, मग शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी कॉर्नेल विद्यापीठ गाठले. राहण्याजेवण्याचा खर्च भागवायला पडेल ते काम केले. १९०१ मध्ये इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि बफेलो शहरातल्या बफेलो फोर्ज या कारखान्यात आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाले. हा कारखाना मोठे पंखे आणि हवा गरम करण्याची यंत्रे बनवी. लाकूड वाळवायचे, कॉफी वाळवायची, इमारत उबदार ठेवायची, अशी कामे.

तिथे पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आले की सगळा कारभार अंदाजाने चालतो. वाफेच्या नळ्यांवरून हवा गेली तर ती नेमकी किती उष्णता घेते, याची धड आकडेवारी कुणाकडेच नव्हती. म्हणून अंगावर नामुष्की येऊ नये यासाठी जो तो गरजेपेक्षा मोठे यंत्र बसवून मोकळा होई. (खोलीचे माप न घेता दीड टन नको, दोन टनच घ्या असे सांगणारा दुकानदार आठवला तर आश्चर्य नाही.) कॅरिअर यांनी प्रयोग करून मोजमापे घेतली, तक्ते बनवले, आणि कारखान्याने त्यांच्यासाठी एक छोटी प्रयोगशाळाच काढून दिली.

१९०२ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमधून एक तक्रार आली. सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना रंगीत छपाई करी. त्या काळी एकेक रंग वेगळा छापायचा, म्हणजे एकच कागद यंत्राखालून पुन्हा पुन्हा जायचा. दमट दिवसांत कागद ओलावा पिऊन फुगे, कोरड्या दिवसांत आकसे. आज लाल छापला, उद्या निळा, आणि मधल्या काळात कागदच केसभर वाढलेला. रंग एकमेकांवर बसत नसत, माल वाया जाई. माणसाला घाम येतो म्हणून नव्हे, तर कागद फुगतो म्हणून हे सगळे सुरू झाले, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

ओलाव्याचे मोल खानदेशात वेगळे सांगायला नको. कापूस विकायला नेल्यावर खरेदी केंद्रावर आधी ओलाव्याचे मीटर लागते. ८ टक्के निघाले तर भाव पूर्ण, १२ च्या वर गेले तर गाडी परत. कागद काय, कापूस काय, दोन्ही हवेतले पाणी ओढून घेतात. अडचण अशी की १९०२ मध्ये हवेतले पाणी नेमके हवे तेवढे ठेवण्याचे यंत्र कुणापाशी नव्हते.

कॅरिअर यांनी १७ जुलै १९०२ अशी तारीख असलेले आराखडे तयार केले. वय अवघे २५. कल्पना अशी, की गार पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून पंख्याने हवा न्यायची. हवा गार झाली की तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि जादा पाणी नळ्यांवर थेंबांच्या रूपाने जमते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच. छापखान्यात वर्षभर आर्द्रता ५५ टक्के ठेवायची होती. त्यासाठी विहिरीचे गार पाणी आणि जोडीला अमोनियाचे शीतयंत्र वापरले. दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळवून जेवढा गारवा मिळेल, तेवढे ते काम होते. हा हिशेब ५४ टनांचा. आपल्या एसीवरचा टन तो हाच: २४ तासांत एक टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उचलण्याचा वेग. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. म्हणजे ब्रुकलिनचे काम दीड टनाच्या ३६ एसींएवढे झाले.

एसी थंडी तयार करत नाही, ही गोष्ट त्या पहिल्या आराखड्यातच आहे. तो खोलीतली उष्णता आणि पाणी उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हमालाचेच काम आहे ते. गार होत नसेल तर उष्णतेची किंवा पाण्याची बाहेर जाण्याची वाट कुठेतरी अडलेली असते, किंवा आत येणारा माल हमालाच्या ताकदीबाहेरचा असतो. कॅरिअर यांचे पुढचे सगळे आयुष्य या वाटा मोकळ्या करण्यात गेले.

छापखान्याचे काम झाल्यावरही त्यांचे समाधान नव्हते. नळ्या गंजत, आर्द्रता हवी तशी काटेकोर राहत नसे. त्याच वर्षीच्या सरत्या दिवसांत ते पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत उभे होते. दाट धुके होते. त्या धुक्याकडे पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की ही हवा पाण्याने काठोकाठ भरलेली आहे, तरी थंड असल्यामुळे तिच्यात एकूण पाणी थोडेच आहे. मग हवा पाण्याने पूर्ण भरायची, पण कोणत्या तापमानाला भरायची ते आपण ठरवायचे. तसे केले तर तिच्यात किती पाणी राहील हे आपल्या मुठीत येईल. म्हणून त्यांनी हवा थेट गार पाण्याच्या बारीक फवाऱ्यातून न्यायचे ठरवले. पाण्याने हवा कोरडी करायची, हे ऐकून लोकांनी त्यांची थट्टा केली असेल तर नवल नाही. पण गार फवाऱ्यावर हवेतले जादा पाणी जमून जाई. या यंत्राचे पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

याच १९०६ मध्ये एअर कंडिशनिंग हा शब्द रूढ झाला. तो कॅरिअर यांचा नव्हे, स्टुअर्ट क्रेमर नावाच्या सूतगिरणीच्या इंजिनिअरचा. गिरणीत हवा कोरडी झाली की सूत तुटते, तंतू विजेने फुलारतात, माग थांबतो. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या काळात ज्यांच्या घरातले कुणी सूत खात्यात होते, त्यांना ही कोरड्या हवेची कटकट ऐकून माहीत असेल. कॅरिअर यांची सुरुवातीची बरीच गिऱ्हाइके सूतगिरण्याच होत्या. मग आले कारखाने, जिथे पदार्थ ओलाव्याने चिकटतो, वितळतो किंवा कुजतो. आज रावेर-सावदा भागात केळी पिकवण्याच्या ज्या बंद खोल्या आहेत, त्यांतही नुसता गारवा उपयोगाचा नसतो. तापमान साधारण १६ ते १८ अंश आणि हवेत भरपूर ओलावा, दोन्ही एकदम सांभाळावे लागते. ओलावा घसरला तर केळी सुकते, पारा १३ च्या खाली गेला तर साल काळवंडते.

डिसेंबर १९११ मध्ये कॅरिअर यांनी अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. हवेचे तापमान, तिच्यातले पाणी आणि दोन्ही मिळून त्यात साठलेली उष्णता यांचे गणित त्यांनी बांधून दिले आणि ते एका तक्त्यावर उतरवले. त्या तक्त्याची सुधारित रूपे आजही इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवली जातात. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम यंत्र नव्हे, हा तक्ताच आहे.

तो तक्ता खानदेशी उन्हाळ्याला लावून पाहण्यासारखा आहे. दुपारी हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के आहे असे धरा. अशी हवा ओल्या वाळ्यातून गेली तर तक्त्याप्रमाणे ती २२ अंशांपर्यंत उतरू शकते. कुलर प्रत्यक्षात तेवढी नाही तरी पंचविशीच्या जवळ नेतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे साधा पत्र्याचा कुलर छान चालतो. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असली की तोच कुलर हवा फार तर २६-२७ पर्यंत नेतो, आणि वर खोलीत ओल भरतो. मग तो बिघडला असे वाटते. तो बिघडलेला नसतो, हवेतच पाणी घ्यायला जागा उरलेली नसते.

आता आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा. हॉलमध्ये कुलर चालू आहे, आतल्या खोलीत एसी, आणि मधला दरवाजा उघडा किंवा त्याला फक्त पडदा. दोन्ही मिळून जास्त गार होईल असा आपला समज. कुलर हवेत पाणी भरतो, एसी तेच पाणी पिळून काढत बसतो. एक लिटर पाणी तासाभरात पिळून काढायला एसीची सुमारे पाऊण किलोवॉट ताकद लागते. तासाला तीन लिटर ओल आत येत असेल तर दीड टनाच्या एसीची एक तृतीयांशाहून अधिक ताकद त्यातच जाते आणि खोलीतला पारा जागचा हलत नाही. कुलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. दोघांचा संसार एका घरात होत नाही.

एसीच्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेवली तर हेच डोळ्यांनी दिसते. मेच्या कोरड्या हवेत बादलीत पाणी जवळजवळ पडत नाही, आणि तो बिघाड नव्हे. पण मेच्या भर दुपारी बादली भराभर भरत असेल तर ओल कुठूनतरी आत येते आहे असे समजावे. उलट जुलैत तास-दोन तास एसी चालूनही नळी कोरडी असेल तर दोन शक्यता असतात. नळी तुंबून पाणी आतच सांडत असेल, नाहीतर आतली कॉइल पुरेशी गार होत नसेल.

कॅरिअर यांच्या आधी हवा गार करायचा प्रयत्न कुणी केलाच नव्हता, असे मात्र नाही. फ्लोरिडातले डॉ. जॉन गॉरी तापाच्या रुग्णांच्या खोल्या छताला बर्फ टांगून गार ठेवत. बर्फ बनवण्याच्या यंत्राचे पेटंट त्यांनी १८५१ मध्ये मिळवले आणि चार वर्षांनी ते निष्कांचन अवस्थेत वारले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराची इमारत आल्फ्रेड वुल्फ यांनी कॅरिअर यांच्याच काळात गार केली होती. कॅरिअर यांचे वेगळेपण हे, की त्यांनी हवेचे चार हिशेब एकत्र मांडले: तापमान, ओलावा, खेळती हवा आणि स्वच्छता. घरचा एसी तपासतानाही हे चारच प्रश्न विचारायचे असतात.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि बफेलो फोर्जने हे नवे खाते आवरते घ्यायचे ठरवले. कॅरिअर आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले. आयुष्याची पुंजी गोळा केली, ती ३२,६०० डॉलर भरली, आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. आर्विन लाइल हे त्यातले व्यवहार सांभाळणारे. कॅरिअर स्वतः विसराळू म्हणून प्रसिद्ध होते. एकदा प्रवासाला निघताना बॅग घेतली, आणि मुक्कामी उघडली तर आत फक्त एक रुमाल, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात.

त्या काळची शीतयंत्रे अवाढव्य होती. दट्ट्याचे कॉम्प्रेसर आणि आत अमोनिया. गळती झाली तर माणसाच्या जिवावर बेतायची. अशी यंत्रे जिथे माणसांची गर्दी असते तिथे बसवायची कशी? कॅरिअर यांनी दट्ट्या काढून टाकला आणि पाण्याच्या पंपासारखे गरगर फिरणारे चक्र वापरून वायू दाबायचे ठरवले. अमोनियाऐवजी त्यांनी डायलिन नावाचे, त्या मानाने निर्धोक रसायन घेतले. १९२२ मध्ये हे यंत्र लोकांपुढे आले. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसली.

आपल्या घराबाहेर टांगलेला डबा आकाराने लहान असला तरी काम तेच करतो. आतून उष्णता घेऊन आलेला वायू तो दाबतो, दाबल्यावर वायू आणखी तापतो, आणि बाहेरच्या हवेपेक्षा गरम झाल्यामुळेच आपली उष्णता तिला देऊ शकतो. बाहेर ४५ अंश असताना वायूला ५५-६० च्या आसपास जावे लागते. आता तोच डबा पश्चिमेच्या भिंतीवर, तापलेल्या पत्र्याशेजारी, ग्रिलमध्ये कोंबलेला आणि जाळीवर वर्षभराची धूळ व कापसाचे तंतू, असा असेल तर उष्णता जाणार कुठे? त्याने बाहेर फेकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढून घेतो. शेवटी कॉम्प्रेसर तापून स्वतःला बंद करतो, आतला पंखा मात्र फिरत राहतो. दुपारी दोन ते पाच गार होत नाही आणि रात्री दहानंतर होते, ही खूण बहुधा याचीच. अशा वेळी वीज मेन स्विचपासून बंद करून बाहेरची जाळी पाण्याच्या साध्या धारेने धुवावी, समोर दोन-तीन फूट जागा मोकळी करावी, वर सावली करावी पण डबा झाकू नये. आणखी एक बाब विकत घेतानाच पाहावी. आपल्याकडे डब्यावरचा टनाचा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. ४५ अंशात दीड टनाचा एसी दीड टनाचे काम करत नाही.

आता गॅस. कॅरिअर यांच्या यंत्रात काय किंवा आपल्या एसीत काय, वायू बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. तो स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. जोडावर तेलाचा डाग दिसणे, बाहेरच्या बारीक नळीवर बर्फाचा थर चढणे या त्याच्या खुणा. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. मेकॅनिकला आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगावे, जोड दुरुस्त झाल्यावर नळ्यांतली हवा पंपाने काढून मगच वजनाने वायू भरायला लावावा. हल्लीच्या बऱ्याच घरगुती एसींत आर-३२ किंवा आर-२९० हे वायू असतात. दोन्ही पेट घेऊ शकतात, त्यामुळे हे काम घरच्या घरी किंवा अर्धवट शिकलेल्याकडून करून घेऊ नये. बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि थांबतो, असे असेल तर दोष वायूचा नसून कपॅसिटरचा किंवा कमी व्होल्टेजचा असण्याचा संभव अधिक. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जोरदार झटका देऊ शकतो. डबा उघडून तिथे बोट घालू नये.

कॅरिअर यांचे नाव सामान्य माणसापर्यंत पोहोचले ते मात्र थिएटरमुळे. उन्हाळ्यात अमेरिकेतली थिएटरे ओस पडत. काही ठिकाणी गार हवा सोडायचे प्रयोग झाले, पण ती जमिनीतल्या जाळ्यांतून येई. प्रेक्षकांचे पाय गारठत, लोक पायांना वर्तमानपत्रे गुंडाळून बसत, आणि वर बाल्कनीत मात्र घामाच्या धारा. कॅरिअर यांचे सहकारी लोगन लुइस यांनी वाट उलटी केली. हवा छताकडून सोडायची आणि खुर्च्यांखालून परत ओढायची. गार हवा जड असते, ती आपसूक खाली उतरते.

मे १९२५ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. बाहेर उकाडा, आत गर्दी, बाल्कनीत पॅरामाउंटचे प्रमुख ॲडॉल्फ झुकर जातीने हजर, आणि यंत्र सुरू व्हायला उशीर. बायकांच्या हातातच नव्हे, पुरुषांच्या हातातही पंखे हलत होते. गच्च भरलेले थिएटर गार व्हायला वेळ लागतो हे कॅरिअर यांना माहीत होते, तरी जीव टांगणीला होता. हळूहळू एकेक पंखा थांबत गेला. थोड्या वेळाने फक्त सवयीने वारा घेणारे उरले, मग तेही थांबले. झुकर यांनी लोकांना हे आवडेल अशी पावती दिली. पुढच्या पाच वर्षांत कंपनीने सुमारे ३०० थिएटरे गार केली.

भरलेली खोली एकदम गार होत नाही, हे आपल्यालाही लक्षात ठेवायला हवे. दिवसभर बंद, तापलेल्या खोलीत एसी लावून दहा मिनिटांत निकाल मागू नये. रिमोट १६ वर नेल्याने साध्या एसीचा वेग वाढत नाही, तो तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त थांबत नाही. झडपा खाली पलंगावर रोखण्यापेक्षा आडव्या ठेवाव्यात, म्हणजे गार हवा खोलीभर पसरून उतरते. आणि सर्वांत आधी आतली जाळी काढून पाहावी. धुळीने भरलेल्या जाळीतून हवा जात नाही, आतल्या कॉइलवर बर्फ साचतो, आणि बर्फ साचला की उरलीसुरली वाटही बंद. लोक तो बर्फ पाहून एसी फारच गार करतो आहे असे समजतात! असा बर्फ दिसला तर सुरीने खरवडू नये. कूल बंद करून नुसता पंखा चालवावा, वितळू द्यावा, जाळी धुऊन वाळवून बसवावी. धुळ्या-जळगावच्या उन्हाळ्यात जाळी दर पंधरा दिवसांनी धुतलेली बरी. सगळे करून झाल्यावर साधा थर्मामीटर घेऊन एसीत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजावी. पंधरा-वीस मिनिटांनी फरक ८ ते १२ अंशांचा आला तर यंत्र ठीक आहे, दोष खोलीत शोधावा.

खोलीतला दोष आपल्याकडे बहुतेक वेळा वर असतो. जुन्या खानदेशी धाब्याच्या घरांचा मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत पोचूच देत नसे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ती पितो आणि संध्याकाळी सातपासून खाली ओकतो. वरच्या मजल्यावरचा एसी रात्री आठला हरतो तो स्लॅबपुढे. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, वर हिरवी जाळी, एवढ्याने नव्या एसीच्या खर्चाच्या मानाने फारच स्वस्तात फरक पडतो.

१९२८ च्या सुमारास कॅरिअर यांच्या कंपनीने घरांसाठीही यंत्र काढले, पण लगेच जागतिक मंदी आली आणि घरे दूरच राहिली. १९३० मध्ये दोन कंपन्यांशी विलीनीकरण करून ते तगले. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी बर्फाच्या घराच्या आकाराचा मंडप उभारून भविष्यातली घरे कशी असतील ते दाखवले. मग दुसरे महायुद्ध. क्लीव्हलँड इथे विमानांची चाचणी घेण्यासाठी उंच आकाशातली गोठवणारी थंडी जमिनीवर निर्माण करायची होती. त्या प्रचंड शीतव्यवस्थेला कॅरिअर आपली सर्वांत मोठी कामगिरी मानत.

७ ऑक्टोबर १९५० रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ते वारले. खिडकीतला एसी सर्वसामान्य अमेरिकन घरात शिरला तो त्यानंतर. त्यांच्या चार हिशेबांपैकी एक घरगुती स्प्लिट एसीने सोडूनच दिला. तो बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. दार-खिडक्या लावून पाच माणसे रात्रभर झोपली तर सकाळी डोके जड होते त्याचे हे एक कारण आहे. पहाटे उन्हाची झळ नसताना खिडकी उघडावी. आणखी एक हिशेब त्यांच्या काळात कुणी मांडलाच नव्हता, तो बाहेर फेकलेल्या उष्णतेचा आणि वायूंचा. पुढे आलेल्या वायूंनी ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला. वीज वाचावी म्हणून आपल्याकडे २०२० पासून तारांकित घरगुती एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतो. पंखा जोडीला लावला तर बहुतेकांना तेवढे पुरते.

राहिला तो मेकॅनिक येईपर्यंतचा काळ. घरात वृद्ध, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण, लहान बाळ असेल तर त्यांना आधी खालच्या मजल्यावर किंवा उत्तरेकडच्या खोलीत हलवावे. चाळिशीपलीकडच्या तापमानात नुसता पंखा अंगावर गरमच हवा मारतो, विशेषतः ज्यांना घाम कमी येतो अशा वृद्धांना. इथे पुन्हा तो १९११ चा तक्ता कामाला येतो. आपली मेची हवा कोरडी असते, त्यामुळे अंगावर ओले सुती कापड आणि त्यावर पंखा हा उपाय इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला लागू पडतो. कुलर असेल तर एसीची खोली विसरून, खिडकी उघडून तो लावावा. पाणी, ताक, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे देत राहावे. पाणी मोजून घ्यायला सांगितलेल्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भाजल्यासारखे तापले आणि ताप ४० अंश सेल्सिअसपर्यंत गेला, तर तो उष्माघात समजून लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत सावलीत निजवून, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी शिंपडत वारा घालत राहावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.